बांडगूळ म्हणाल तर खबरदार!

मी एक जुनी वेल आहे, मित्रांनो, आणि मी बांडगूळ नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी ओळख करून देताना लोक नेमके तिथेच चुकतात. झाडावर लटकताना दिसली, की झालीच बांडगूळ! अहो, बांडगूळ झाडाच्या सालीत मुळं खुपसतं आणि त्याचा रस पितं. मी तसलं काही करत नाही. मी झाडाला फक्त धरते. शेवाळात साठलेलं पाणी, फांदीच्या बेचक्यात कुजलेला पालापाचोळा आणि हवेतला ओलावा, एवढ्यावर माझं भागतं. झाडाचा एक थेंबही मी आजवर घेतलेला नाही. तरी आयुष्यातली बरीच वर्षं मला या एका शब्दाशी भांडण्यात घालवावी लागली. तशी मी भांडखोर नाही. पण कुणी उगाच नाव ठेवलं तर मी गप्पही बसत नाही.

माझा जन्म गोव्यातल्या कारापूरच्या वरच्या अंगाला, रानातल्या एका ओहोळाकाठी झाला. किंदळीचं एक मोठं झाड होतं, त्याच्या खोडाला धरून मी वाढले. माझी पानं जाड, गुळगुळीत आणि हिरवीगार. पान तोडलं तर पांढरं दूध येतं. फुलं येतात ती झुबक्याने, एकेक फूल मेणाचं करून ठेवल्यासारखं. संध्याकाळ झाली की त्यांना वास सुटतो. त्या रानात माझी फुलं बघायला मधमाश्यांशिवाय कुणी यायचं नाही, आणि मला त्याचं काही वाईटही वाटायचं नाही.

मग एका भाद्रपदात शिवदास कोयता घेऊन आला.

हा शिवदास शिरगावचा. खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या आणि त्याचा ट्रक दारात उभा राहिला. त्याच सुमारास त्याच्या सासऱ्यांचा, बाबाजींचा, विहिरीवर पाय घसरला आणि कमरेचं हाड मोडलं. बाबाजींनी सगळं आयुष्य साखळीच्या बाजारात कापडाचं दुकान चालवलेलं. बायको आधीच गेलेली, आणि पोटी एकुलती एक मुलगी, संजना. ती साखळीच्या एका शाळेत शिकवते. वडिलांना एकटं कसं टाकायचं, म्हणून नवरा-बायको दोघं कारापूरला बाबाजींच्या घरी राहायला आली. शिवदास आला होता सासऱ्यांना आधार द्यायला. पण गावाने त्याचा ट्रक बंद पडलेला बघितला होता. गाव म्हणालं, जावई सासऱ्याच्या जिवावर बसला. आता यातलं खरं काय आणि खोटं काय ते गावाला कोण सांगणार? गाव ऐकून घेतं थोडंच!

त्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं सामान आणायची पाळी शिवदासवर आली. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली फळं, फुलं, वेली बांधायच्या. दरवर्षी बाबाजी स्वतः रानात जात. शिवदासच्या घरी ते काम मोठा भाऊ करायचा, त्यामुळे याला काय बांधतात नि काय बांधत नाहीत याची नीट कल्पना नव्हती. त्याने कवंडळं आणली, आंबाडे आणले, सुपारीची शिपटी, म्हणजे घोस, आणली. आणि येताना किंदळीवर मी दिसले. दिसायला बरी दिसले असणार. त्याने माझी एक लांबलचक फांदी कोयत्याने कापली आणि खांद्यावर टाकून घरी नेली. आता बोलते आहे ती मी म्हणजे ती फांदी.

घरात माणसं जमली होती. बाबाजी खाटेवर उशाला टेकून बसले होते आणि तिथूनच हुकूम सोडत होते. मला बघितलं आणि हे काय आणलं म्हणून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ह्यां काय हाडलंस? माटोळेक बांडगूळ बांधतत काय रे?"

शेजारचे दत्तप्रसाद माटोळी बांधायला आले होते. त्यांना अशी संधी म्हणजे पर्वणीच. ते शिडीवरून ओरडले, "अरे बाबाजी, बांडगुळान बांडगूळ हाडलां! दुसरां काय हाडतलां?"

सगळे हसले. शिवदासही हसला. हसताना त्याने मला खांद्यावरून काढून दाराच्या मागे ठेवलं, आणि आत जाऊन पाणी प्यायला. मला त्या हसण्याचा इतका राग आला की सांगता सोय नाही. कापलेल्या जागेतून माझं दूध अजून गळत होतं आणि हे खिदळत होते.

संजना हसली नव्हती. ती सरळ येऊन मला उचलून म्हणाली, "बाबा, एक कोनो रितो आसा. थंय ही बांधतंय मी."

बाबाजींनी मुलीला अडवलं नाही. मी माटोळीच्या कोपऱ्यात उलटी टांगली गेले.

पाच दिवसांचा गणपती. दिवसागणिक माटोळी सुकत गेली. कवंडळं सुरकुतली, आंबाडे गळले, हिरवी पानं काळवंडली. आणि मी? मी जशीच्या तशी. दत्तप्रसादांना दाखवण्यासाठी म्हणा हवं तर, पण मी एक पानही वाकू दिलं नाही. उलट एका पेऱ्यातून मुळाचं पांढरं टोक बाहेर काढलं. विसर्जन झाल्यावर माटोळी उतरवली, फळं पोरांनी वाटून घेतली आणि उरलेला पाला माडाच्या आळ्यात टाकला. त्यातही मी होते. शिवदास तो पाला पसरायला आला आणि त्याला मी दिसले.

"आगे, तूं अजून जिती?" तो म्हणाला.

मला मराठी समजतं, कोंकणी समजतं, पेडण्याची बोलीही समजते. उत्तर मात्र देता येत नाही. मी आपलं ते पांढरं मूळ पुढे करून दाखवलं.

मित्रांनो, इथून पुढे माझं घरातलं आयुष्य सुरू झालं. आणि खरं सांगते, सुरुवातीला शिवदासने मला जवळजवळ मारलंच होतं. प्रेमाने मारलं असतं, हे जास्त वाईट. त्याने मला रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलं. डबा तांबड्या मातीने गच्च भरला आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायला लागला. माझी मुळं त्या चिखलात कुजली. पानं पिवळी पडून मऊ झाली. पानं पिवळी बघून त्याला वाटलं तहान लागली असेल, म्हणून त्याने संध्याकाळीही पाणी घालायला सुरुवात केली! भलं करायला निघालेल्या माणसाला आवरायचं कसं?

"तुका कितें जाय तें तूं सांगूंक शकना," तो एकदा माझ्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "आनी हांव विचारूंक शकना."

मला काय हवं ते कळायला दुसरी वाट नव्हती. मग त्याला काय सुचलं कुणास ठाऊक, तो उठला आणि परत त्या रानात गेला. किंदळीखाली बराच वेळ उभा राहून माझी आई कशात मुळं रोवून बसली आहे ते बघून आला. तिथे माती नव्हतीच. आला तो नारळाची सोडणं फोडायला बसला. सोडणाचे तुकडे, चुलीतला कोळसा आणि चिऱ्याचे खडे. एक लहानशी मातीची कुंडी घेतली, लहानच, कारण मला ऐसपैस घर मानवत नाही, मुळं जरा दाटीत असलेली बरी वाटतात. कुजलेली मुळं कापून टाकली आणि मला तिच्यात बसवलं. पाणी एकदा भरपूर घालायचं, मग कुंडी आतपर्यंत सुकेपर्यंत हात लावायचा नाही. माझी पानं जाड असतात ती काही शोभेला नाही, त्यांत पाणी साठवलेलं असतं. पान किंचित सुरकुतलं की समजायचं, आता पाणी द्या. हे शिवदासने माझ्याकडूनच शिकून घेतलं.

जागा मिळाली ती हॉलच्या मोठ्या जनेलाजवळ, पूर्वेला. जनेल म्हणजे खिडकी, पण कारापूरच्या घरात कुणी खिडकी म्हणत नाही. उजेड मला भरपूर लागतो, पण कडक ऊन नको. एका चैत्रात बाबाजींनी जनेलाचे पडदे काढायला लावले, उजेड हवा म्हणून, तेव्हा माझी पानं भाजून त्यांच्यावर तपकिरी डाग पडले. ते डाग अजून आहेत. कधी आलात तर बघा.

मी वाढले. जनेलाच्या गजांवरून वर गेले, मग भिंतीवर. वाढताना माझी एक सवय आहे. आधी मी नुसती काठीसारखी लांब फांदी पुढे सोडते, तिला एक पान नसतं. ती हवेत चाचपडत फिरते, धरायला काही मिळालं की मग तिच्यावर पानं येतात. ती फांदी वाळलेली वाटते. बाबाजी खाटेवरून काठीने तिला ढोसायचे.

"सुकलां तां. कापून टाक."

"बघूया मामा," शिवदास सासऱ्यांना म्हणायचा, आणि भिंतीवर खिळा ठोकून सुतळी बांधून त्या फांदीला धरायला देऊन टाकायचा. त्याने माझी एक फांदी कधी कापली नाही.

या माणसाचा दिवस मी जनेलातून पाहत असे. पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा हॉर्न वाजला की उठून पोई घ्यायची. संजनाला स्कूटरवरून साखळीच्या शाळेपर्यंत सोडायचं. येऊन सासऱ्यांच्या पायाला तेल लावायचं, त्यांना धरून व्हरांड्यात चालवायचं, आंघोळ घालायची, भात टाकायचा. मग साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून माझं एकेक पान पुसायचं, कारण माझ्या पानांच्या मागे कापसासारखी पांढरी कीड बसते आणि तिच्यामागून मुंग्या येतात. बाबाजींचे पाय आणि माझी पानं, दोन्ही एकाच हातांनी निगुतीने पुसली गेली. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. बाबाजींचं मला माहीत नाही. ज्याच्या खांद्यावर हात टाकल्याशिवाय उठता येत नाही त्याच्यावरच माणूस जास्त चिडतो, असं मी त्या घरात पाहिलं. बाबाजी मनाने दुष्ट नव्हते. पण चार माणसांत ताठ मानेने वावरलेल्या माणसाला जावयाच्या हातून आंघोळ करून घेणं जड जात होतं, आणि ते सगळं तोंडावाटे बाहेर पडायचं.

आणि शिवदास? तो कुठल्याही कामाला नाही म्हणायचा नाही आणि काही मागायचाही नाही. जेवताना संजनाने मासळीची तुकडी पुढे केली की "म्हाका नाका." दिवाळीला शर्ट घ्यायचा विषय निघाला की "म्हाका कांय नाका." त्या घरात इतकी वर्षं राहून त्याने स्वतःसाठी एक गोष्ट मागितलेली मी ऐकली नव्हती. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्याने कमीत कमी जागा व्यापावी, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मला ते मुळीच पटत नव्हतं. मी तर तोवर अर्धी भिंत व्यापली होती!

एका रविवारी संजनाने माझा फोटो काढला आणि मोबाईलवर शोधत बसली.

"बाबा, गावलां! बांडगूळ न्हय हां ही. पणजेच्या नर्सरेत कुंडयेत टांगून विकतत. हिचां नाव होया."

आता इथे एक गंमत आहे, मित्रांनो. बाबाजींचं घराणं मूळचं पेडण्याचं. कारापूरला स्थायिक झाले तरी त्यांनी पेडण्याची बोली सोडली नाही. आणि पेडण्याकडे 'हवं' असं म्हणायचं असेल तर 'होया' म्हणतात. शिरगावकडे त्यालाच 'जाय' म्हणतात. बाबाजींनी डोळे मिचकावले.

"होया? कोणाक होया?"

दत्तप्रसाद तिथेच चहा घेत बसले होते. त्यांना ठसकाच लागला. "कोणाक होया! बरां इचारलंस बाबाजी. वेल पण आनी..." आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली, जिथे शिवदास भांडी घासत होता. पुढचं बोलायची त्यांना गरज पडली नाही. आतला भांड्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं कोणाला हवी ती. पण मला कोण विचारतो?

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी फुलले. माझ्या फांदीवर एक बोटभर उघडा दांडा आला, त्याच्या टोकाला कळ्यांची छत्री उमलली. संध्याकाळी सगळ्या हॉलमध्ये वास भरला. प्रत्येक फुलाच्या मध्यावर मधाचा थेंब चमकत होता. शिवदास खुर्ची घेऊन जनेलासमोर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. संजना येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

आणि मग पेडण्याहून बाबाजींची बहीण आली, कमलाक्षी. भावाला भेटायला म्हणून आठवडाभर राहिली. बाई तशी प्रेमळ. सकाळी उठून आंघोळ करून देवासाठी फुलं काढायची, ही तिची लहानपणापासूनची सवय. अंगणातली जास्वंद काढली, तगर काढली, आणि आत येऊन माझा झुबका बघितला. एकेक फूल काढण्यात वेळ कशाला घालवायचा? तिने दांड्यासकट झुबका मोडून घेतला.

मित्रांनो, इथे जरा कान देऊन ऐका. बाकीच्या झाडांचं फूल काढलं तर त्यांचं फारसं बिघडत नाही. मी मात्र दरवर्षी त्याच दांड्यावर पुन्हा फुलते. फुलं गळून गेली की मागे उघडी काडी राहते. ती मेलेली नसते. पुढच्या वर्षीच्या कळ्या तिथेच येणार असतात. तो दांडा मोडलात, तर त्या जागेचं फुलणं कायमचं गेलं.

शिवदास भाकरीचं पीठ मळत होता, तसाच हाताला पीठ घेऊन बाहेर आला. तो काही बोलण्याच्या आधीच कमलाक्षी ओरडली, कारण माझं दूध तिच्या हातावर ओघळून लुगड्यावर पडलं होतं.

"अरे देवा! ह्यां दूध येणारां झाड घरात कित्याक ठेवलां? बाबाजी, असलां झाड घरात ठेवचां नसता. घरात सुख रवणा नाय."

"आते, दांडो मोडूंक नाका आशिल्लो," शिवदास हळूच म्हणाला.

"देवाक फुलां वाहूक नाय, तर कित्याक आसतत रे ती?"

माझा झुबका देवाच्या पायाशी गेला. देवाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या दिवशी मी हट्टाला पेटले. म्हटलं, तुम्ही मोडत राहा, मी नवे दांडे काढत राहीन. बघू कोण दमतं!

दोन उन्हाळे मी फुलले नाही. एकदा कळ्या आल्या होत्या, पण पाडव्याची साफसफाई करताना कुणीतरी कुंडी फिरवून ठेवली. कळ्या धरलेल्या असताना माझं तोंड उजेडापासून फिरवलेलं मला चालत नाही, मी कळ्या टाकून देते. त्यानंतर शिवदासने कुंडीच्या कडेला खडूने एक खूण केली आणि ती कायम जनेलाकडे राहील असं पाहिलं. बाबाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "फूल नाय, फळ नाय. नुसतां भिंतीर चढून बसलां." ते माझ्याबद्दल बोलत असत, असं मी तरी समजत होते. शिवदास काय समजत होता ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

आता अलीकडची गोष्ट. या वैशाखात सत्यनारायणाची पूजा घालायची ठरली. बाबाजी काठी टेकत आपल्या पायांनी चालायला लागले होते, त्याचा आनंद. पूजेआधी घराला रंग द्यायचा. आणि नेमक्या याच वेळी माझ्यावर नवे दांडे आले होते, एक सोडून पाच-सहा, आणि प्रत्येकावर हिरव्या कळ्यांची टोकं दिसू लागली होती. शिवदास रोज सकाळी पोई घेऊन आत येताना आधी माझ्यापाशी थांबायचा.

रंग द्यायला भैरू आला. भैरू कोल्हापूरकडचा, गेली काही वर्षं इकडे बांधकामावर आहे. कामाचा नेटका माणूस. त्याने एका दिवसात तीन भिंती घासून घेतल्या आणि चौथ्या भिंतीशी येऊन थांबला. ती माझी भिंत होती.

"मालक, ह्यो येल काढल्याबिगर भित रंगायची न्हाई. काय करायचं?"

"काप," बाबाजी म्हणाले. "मुळातसून काढ आनी भायर टाक. कमलाक्षी कधीचीच सांगता."

भैरूने कोयता काढला नाही, खिशातला चाकू काढला. त्याने माझी खालची, सगळ्यात जाड फांदी धरली. मित्रांनो, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, मी घाबरले. इतकी वर्षं ताठ होते, पण कोयत्याची पहिली जखम अजून लक्षात होती. आणि या वेळी कळ्याही होत्या.

शिवदास संजनाला बाजारात सोडून तेवढ्यातच परत आला. दारात त्याने हेल्मेट काढलं आणि चाकू बघितला.

"राव, भैरू." थांब, म्हणाला तो.

भैरू थांबला आणि बाबाजींकडे बघायला लागला. घराचा मालक ते होते.

"कित्याक रवचां?" बाबाजी म्हणाले. "पूजेक माणसां येतली. सगळां घर रंगवून ही एक भिंत तशीच ठेवतंस काय? एका बांडगुळासाठी?"

दत्तप्रसाद अर्थातच हजर होते. रंगाचा डबा उघडला की ते येणारच. ते हसायला लागले, आणि मी वाट बघितली की आता शिवदासही हसेल, "बघूया" म्हणेल आणि पाणी प्यायला आत जाईल.

तो आत गेला नाही. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, भिंतीकडे पाठ करून. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पण माझी एक फांदी त्याच्या खांद्याला लागत होती.

"मामा," तो म्हणाला, "ही वेल म्हाका होया."

होया म्हणाला. जन्मभर 'जाय' म्हणणारा शिरगावचा माणूस त्यांच्या बोलीत 'होया' म्हणाला, म्हणजे ऐकू आलं नाही, समजलं नाही, असं म्हणायला कुणाला जागाच राहू नये.

दत्तप्रसादांचं हसू तोंडातच राहिलं. बाबाजींनी काठी दोन्ही हातांनी धरली. ते शिवदासकडे बघत राहिले, मग त्यांची नजर त्याच्या हातांवर गेली आणि तिथेच थांबली.

भैरूच बिचारा कंटाळला. "मग मालक? काय करू?"

"माका काय इचारतंस?" बाबाजी त्याच्यावर खेकसले. "तो सांगता तसां कर!"

शिवदासने सांगितलं. भैरूने मान डोलावली आणि म्हणाला, "व्हय, मग कडंकडंनं मारतो की." एका हाताने तो माझ्या फांद्या अलगद बाजूला धरायचा आणि दुसऱ्या हाताने ब्रश फिरवायचा. माझ्या पानांच्या कडेकडेने नवा पिस्ता रंग लागला. जिथे मी होते तिथे भिंत जुनीच राहिली, मळकट पिवळी, अगदी माझ्याच आकाराची.

आणि आता तुम्हाला वाटेल, पूजेच्या दिवशी मी भरभरून फुलले असेन, सगळ्यांचे डोळे दिपले असतील, आणि बाबाजींना पश्चात्ताप झाला असेल. तसं काही झालं नाही. रंगाच्या उग्र वासाने माझ्या कळ्या गळून गेल्या. एकूणएक. शिवदासने त्या सकाळी झाडून गोळा केल्या आणि माझ्याच कुंडीत टाकल्या. मला फार वाईट वाटलं. त्याच्यासाठी तरी फुलायला हवं होतं. पण ठरवून फुलणं माझ्या हातात नाही, आणि मी ते नाटक करणारही नाही.

पूजेला माणसं आली. साखळीची आली, शिरगावहून शिवदासचा मोठा भाऊ आला, पेडण्याहून कमलाक्षी आली. हॉल नव्या रंगाने उजळला होता, आणि ज्याची त्याची नजर येऊन त्या एका जुन्या, पिवळ्या डागावर थांबत होती. माझ्यावर फूल नव्हतं, नुसती पानं आणि उघड्या काड्या. प्रसाद खाता खाता दत्तप्रसादांना राहवलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांनी विचारलं,

"बाबाजी, थंय रंग सोपलो काय?" सोपलो म्हणजे संपला.

शिवदास पाहुण्यांना पाणी देत होता. तो तांब्या घेऊन जागीच थांबला.

बाबाजी खुर्चीत ताठ बसले.

"रंग खंय सोपता? ती जागा भरलेली आसा," ते म्हणाले. मग तांब्या घेऊन उभ्या राहिलेल्या जावयाकडे वळून म्हणाले, "शिवदास, बस रे. पाणी दुसरो कोण तरी दितलो."

संजनाने त्याच्या हातातला तांब्या घेतला. माझ्याखाली एक खुर्ची रिकामी होती. तो तीत बसला.

तर मित्रांनो, मी तुम्हाला हात जोडून विनवणार वगैरे नाही. मला हातही नाहीत. पण तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी वेल असेल, तर तिला लहान कुंडीत राहू द्या, पाण्यात बुडवू नका, उजेडाकडचं तिचं तोंड फिरवू नका आणि फुलं गळून गेलेल्या तिच्या उघड्या काड्या वाळल्या म्हणून मोडू नका. आणि कुणी तुमच्या घरी भिंत धरून राहत असेल, मग ती वेल असो की माणूस, तर ते काय खातं ते आधी नीट बघा आणि मगच नाव ठेवा. फूल आल्यावर जागा द्यायला कुणीही तयार होतो. मला चारचौघांत जागा मिळाली तेव्हा माझ्या अंगावर एक कळीसुद्धा नव्हती.